वळूचे रक्त आणि शेतकऱ्याचा हक्क



वासराची शिंगे काढली आणि जखमेतून रक्त झिरपतच राहिले, तर मालक शिंगे काढणाऱ्याच्या हाताला दोष देतो. क्वचित् तो दोष रक्तातच असतो. होल्स्टाइन गाईंत असा एक विकार १९६९ साली अमेरिकेतील ओहायोत नोंदला गेला. रक्त साकळण्यास लागणाऱ्या अकराव्या घटकाची ही उणीव. त्याच्या जनुकात ७६ अक्षरे जादा शिरलेली असतात, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. आता रक्ताच्या नमुन्यावरून ती ओळखता येतात.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असेल, तर वळू धडधाकट दिसतो. त्याला तशीच गाय मिळाली, तर प्रत्येक वासराला विकार होण्याचा संभव चारांत एक. गाय निर्दोष असेल, तर वासरू आजारी होत नाही. पण सुमारे निम्मी वासरे दोष पुढे नेतात. गोठवलेल्या रेताने एकच वळू हजारो गोठ्यांत पोचतो. म्हणूनच आपल्याकडील रेतकेंद्रांच्या मानकांत होल्स्टाइन व संकरित होल्स्टाइन वळूंची ही तपासणी घातलेली आहे.

माझी मागणी एवढीच की, तो निकाल रेत विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला मराठीत लिहून मिळावा. गाय वाहक निघाली म्हणून तिला बाजार दाखवू नये. तिच्यासाठी निर्दोष वळू निवडावा.

गिरणीत यंत्राची तपासणी आम्ही अपघातापूर्वी मागतो. कारण यंत्र मालक निवडतो आणि बोट कामगाराचे जाते. गोठ्यातही तोच न्याय लावा.