गोट्याचं काय शिकाचं, राजेहो?



आधी एक खुलासा करतो. मी जळगाव जामोदचा. केळीच्या आणि सोन्याच्या जळगावचा नव्हे. आमचं जळगाव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेजारच्या जामोदचं नाव जोडल्याशिवाय आम्हाला कोणी ओळखत नाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाने विषय दिला आहे, 'हायस्कूलच्या अर्थ अँड स्पेस सायन्समध्ये मुलांना काय शिकायला मिळतं'. त्यामागची आईबापांची काळजी मला कळते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी यांची एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा असते. या विषयाची नसते. त्यामुळे आपल्या घरांत त्याला पाहुण्यासारखं वागवतात. आमच्या वऱ्हाडात तर सरळ विचारतील, "गोट्याचं काय शिकाचं, राजेहो?"

आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्र बोर्डाचे. आपल्याकडे खडक आणि भूकंप भूगोलाच्या पुस्तकात, म्हणजे इतिहासाच्या शेजारी. गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा विज्ञानाच्या. इथे न्यू जर्सीत हे सगळं एकत्र येतं. 2013 साली आलेल्या 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स'मध्ये या विषयाचे तीन भाग आहेत: विश्वातलं पृथ्वीचं स्थान, पृथ्वीवरच्या व्यवस्था, आणि पृथ्वी व माणूस. पाठांतर कमी, आलेख जास्त. गणितही आहे: केप्लरचे नियम, किरणोत्सारी मूलद्रव्यांचा अर्धायुष्यकाल. पण मुलांना खरा घाम फुटतो तो एका प्रश्नाने: हे तुला कशावरून कळलं?

हा प्रश्न समजायला आमच्या जिल्ह्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. दक्षिणेला लोणार सरोवर. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आत खारं पाणी. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं अनेक जाणकार त्याला ज्वालामुखीचं तोंडच मानत होते, आणि ते काही वेडे नव्हते. चहूकडे लाव्हाचा काळा खडक, मध्ये गोल खड्डा. कोणीही तेच म्हणेल. 1973 मध्ये स्मिथसोनियन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांसह एका गटाने तिथल्या खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फेल्डस्पार खनिजाची काच झालेली सापडली, तीही वितळून नव्हे, तर प्रचंड धक्क्याने. तसला दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. खड्डा उल्कापाताचा, हे अशा पुराव्यांवर ठरलं. बेसाल्टमध्ये पडलेली इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्र-मंगळावरच्या बेसाल्टमधले खड्डे अभ्यासणाऱ्यांना लोणार लागतं ते म्हणून.

आता वय पाहा. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटीहून जास्त फरक! आर्गॉन पद्धतीचं घड्याळ असं: पोटॅशियम-40 चा अर्धायुष्यकाल सुमारे 125 कोटी वर्षं. त्याच्या क्षयातून आर्गॉन तयार होतो आणि खडकात अडकतो. खडक पूर्ण वितळला की जुना आर्गॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. पण आघातात जुना आर्गॉन सगळाच निसटला, की थोडा आतच राहिला? वाद यावरच आहे. तुमच्या मुलाच्या वहीत असे दोन आकडे समोरासमोर आले, तर कुठला बरोबर ते विचारू नका. दोन्ही कसे काढले, ते विचारा.

आमच्याकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, दख्खनच्या लाव्हाचा. त्याचं वडीलधारं भावंड तुमच्या घराजवळच आहे. वेस्ट ऑरेंजमध्ये इंटरस्टेट 280 साठी डोंगर कापला, तिथे रस्त्याच्या कडेला बेसाल्टचे उभे खांब दिसतात. लाव्हा थंड होताना आकसला आणि असा तडकला. तो सुमारे 20 कोटी वर्षांचा. अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून सुटत होत्या, तेव्हाचा. दोन्ही लाव्हांच्या काळात पृथ्वीवरचे जीव मोठ्या प्रमाणात नष्ट झाले. आमच्या लाव्हाच्या वेळी त्यात मेक्सिकोत पडलेल्या उल्केचाही हात होता. दोष कोणाचा किती, हा खटला अजून चालू आहे.

आता खास माझ्या तालुक्यातली गोष्ट. सातपुड्यातून उतरलेला नाला सपाटीवर आला की त्याचा जोर मोडतो. मोठे गोटे तो पायथ्याशीच टाकतो, वाळू थोडी पुढे, आणि चिकणमाती पार पूर्णा नदीपर्यंत नेतो. पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यात पाणी झिरपतं, वाहतं राहतं, गोड असतं. संत्र्याच्या बागा तिथे. दक्षिणेला पूर्णेकडे निघालात की थोड्याच अंतरावर विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. हा खारपाणपट्टा, बुलढाण्यापासून अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला. खाली शेकडो मीटर गाळ, त्यात चिकणमाती, निचरा मंद, वर वऱ्हाडचं ऊन. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. इतकं खारं, की समुद्रापासून एवढ्या लांब असलेल्या वऱ्हाडात 1930 चा मिठाचा सत्याग्रह अकोल्याजवळच्या दहीहंड्याला झाला, खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर! आणि गंमत बाजूला ठेवून सांगतो, हेच पाणी पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. अभ्यासक्रमातला 'पृथ्वी आणि माणूस' हा भाग म्हणजे हेच: नाल्याने गोटे कुठे टाकले, यावर कोणाच्या घरी कसलं पाणी येईल हे ठरतं.

त्याच नाल्यांनी 2023 च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत हाहाकार केला. डोंगरातलं पाणी एकदम सपाटीवर आलं, गावांत शिरलं, शेतं खरवडून गेलं.

पावसाचा विषय निघाला, म्हणजे भेंडवळला जावंच लागेल. आमच्याच तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यं गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात चार मातीची ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई आणि बाकी जिन्नस. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ भिजलं ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत होतं. ही घटमांडणी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली, तीनशेहून अधिक वर्षं झाली, असं सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हरकत घेतात, आणि दरवर्षी शेतकऱ्यांची गर्दी होते.

मी स्वतः त्या भाकितावर पेरणी करणार नाही. पण शाळेच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय नाही. 'जुलैत पाऊस साधारण' म्हणजे किती मिलिमीटर? कुठल्या गावात? हे आधी ठरवून लिहिलं नाही, तर सप्टेंबरात कोणतंही भाकीत खरं करून दाखवता येतं. हवामान खातं निदान आपला 'साधारण' आकड्यात सांगतं: देशाच्या पावसाळ्याची दीर्घकालीन सरासरी 87 सेंटीमीटर, तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे साधारण. तो अंदाज तपासता येतो. पण तो देशाचा. माझ्या चुलत्याने कपाशी कधी लावायची, ते त्यात नसतं, आणि भेंडवळच्या गर्दीचं निम्मं कारण तिथे आहे.

आकाशाचं थोडक्यात. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश आकाश झाकते. इथे अंगणातून ध्रुवतारा क्षितिजापासून चार मुठींवर दिसेल, जळगाव जामोदला दोनच. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा मूल सुट्टीत स्वतः गोळा करू शकतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो, साधारण बारा-वीसला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. न्यू जर्सीत ते कधीच घडणार नाही. का, ते मुलांकडून ऐका.

आणि विश्वाच्या उत्पत्तीचा धडा आला, तर त्यांना होल्मडेलला न्या. बेल लॅब्जच्या शिंगासारख्या अँटेनात पेन्झियस आणि विल्सन यांना 1964 च्या सुमारास एक खरखर सापडली. महास्फोटाचा तो भक्कम पुरावा मानला जातो. दोघांना नोबेल मिळालं. त्याच 1964 मध्ये आपले जयंत नारळीकर फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडत होते. महास्फोटाबद्दलच्या शंका नारळीकरांनी 2025 मध्ये जाईपर्यंत सोडल्या नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही. तरी आपल्या मुलांना धड्यातल्या पुराव्याबरोबर हा मराठी विरोधकही माहीत असावा, असं मला वाटतं. तो पुराव्याला पुराव्याने उत्तर देत होता.

आता व्यवहाराचं बोलतो. तुमच्यातले पुष्कळ जण भारतात गेले की शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जातात. तिथून जळगाव जामोद तासाभराच्या वाटेवर. जाताना एक टीडीएस मीटर घेऊन जा. घरच्या फिल्टरचं पाणी तपासायला वापरतात तोच. पूर्णेकाठच्या एखाद्या विहिरीचं पाणी मोजा, मग उत्तरेकडे सरकत पायथ्यापर्यंत जमेल तिथे मोजत जा. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय विहिरीवर जाऊ नका. विचारलंत तर तो चहा पाजेल आणि विहीर किती फूट खोल आहे तेही सांगेल. खोलीही लिहून घ्या. लोणारला गेलात तर मात्र दगड उचलू नका, ते अभयारण्य आहे. आणि प्रत्येक आकड्यापुढे गाव, तारीख, वेळ मुलाच्याच हाताने लिहून घ्या. नाहीतर परत आल्यावर त्याची शिक्षिका विचारेल, हे कुठलं पाणी, आणि तुम्ही सगळे एकमेकांकडे पाहाल.