पेठेतलं घर कुणाचं?

(ईट, ता. भूम इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मी करिअरवर बोलावं असं ठरलं होतं. पण करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज घराबद्दल बोलणार आहे.

कॉलेजला असताना एका मुलाने मला सहज विचारलं, "तुमचे लोक मूळचे कुठले रे?" मी म्हणालो, "ईटचे." तो म्हणाला, "ते नाही, त्याच्या आधी?" मला उत्तर आलं नाही. घरी येऊन दादीला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "पुलिस ॲक्शन में गया सब." पुढे काही नाही. तुमच्यापैकी किती जणांनी घरात हे वाक्य ऐकलंय? बघा, बरेच हात वर आहेत.

दादीने गाळलेला भाग मी पुढे वाचून काढला. त्यात मला लातूरची घरं सापडली. लातूर आज वेगळा जिल्हा आहे, पण १९८२ पर्यंत ते आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

लातूरची पेठ कशी वाढली ते आधी बघू. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. आता इथला माल बार्शीवरून कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जाऊ लागला. १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर गंज गोलाई उभी राहिली. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्या गोलाच्या मधोमध जगदंबेचं मंदिर आहे. आजही आपण तिथे खरेदीला जातो, पण आराखडा कुणाचा होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रेल्वे आली, बाजार आला की व्यापारी येतात. मारवाडी आले, गुजराती आले, तसे कच्छहून मुसलमान व्यापारीही आले. पुढे दुकान, मागे वखार, वर राहायची जागा अशी घरं पेठेत बांधली जातात. पेठ कुठलीही घ्या, ती बाहेरून आलेल्या माणसांनीच उभी केलेली असते. मग "बाहेरचा" हा शब्द एकालाच का चिकटतो?

याचं उत्तर १९४८ मध्ये आहे, आणि तिथे आपल्याला दोन्ही बाजूंनी खरं बोलावं लागेल.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांनी लोकांना लुटलं, मारलं. कितीतरी हिंदू कुटुंबं घराला कुलूप लावून सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरकडे गेली. बार्शी तेव्हा मुंबई प्रांतात होती. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना ठार केलं. ते मुसलमान होते. हे आपण आपल्याच सभेत मोठ्याने सांगायला हवं.

१३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर सूड सुरू झाला. तो बहुतेक करून अशांवर उगवला, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफ्फार त्यात होते. समितीने संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. मृतांचा अंदाज होता २७ ते ४० हजार. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. लातूरबद्दल समिती लिहिते की तिथे श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापारी होते, वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालल्या, हजारावर माणसं मेली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले. बाकीचे जीव घेऊन पळाले, व्यापार बुडाला.

हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझवी मात्र १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात गेला. किंमत मोजली ती मागे राहिलेल्यांनी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आडवं होऊन वाचवलं, त्यात काहींचा जीवही गेला. पळवून नेलेल्या बायकांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. दादीने "गया सब" म्हटलं त्यात हेही हरवलं. कुणी मारलं ते बोलायचं नाही असं ठरवलं, की कुणी वाचवलं तेही बोललं जात नाही.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. आपल्या गावातलं एक जुनं घर निवडा. आपलंच हवं असं नाही. मारवाड्याचं, लिंगायताचं, कुणाचंही चालेल. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. शेत असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक बघा. खरेदीखत कुणाच्या पेटीत असेल तर त्याचा फोटो घ्या. मग म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. घर कुणी बांधलं, कोणत्या धंद्यावर, कोण सोडून गेलं, कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवली, हे विचारा. आणि फक्त आपल्याच लोकांना विचारू नका.

जुने कागद उर्दूत निघतील. १८८४ पासून निजामाच्या दफ्तरात फारसीच्या जागी उर्दू आली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. म्हणजे शेजारच्या मराठा कुटुंबाचा कागद तुमच्या नानीला वाचता येऊ शकतो. आपल्यातल्या किती जणांना येतो? मला येत नव्हता. तिशी उलटल्यावर मी अलिफ-बे गिरवायला बसलो, अजून अडखळतोच.

दादी आता नाही. तिला नीट, सावकाश विचारायचं राहून गेलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून कुणी असेल, त्यांनी या इतवारी मोबाइल खिशात ठेवून त्यांच्या खाटेजवळ बसा. त्या गप्प राहिल्या तरी उठू नका, दुसऱ्या इतवारी परत बसा.