कल्याणचे तांबे आणि मेवाडची खाण



कामगारांच्या चळवळीतील माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला की तो पगारवाढीवर बोलणार, अशी आपली समजूत असते. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या बाकावर मला एक कोडे पडले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने हिंदुस्थानच्या बंदरांची हकीकत लिहिली. तीत आपल्या कल्याणचे नाव आहे. येथून परदेशी जाणाऱ्या मालात शिसवीचे लाकूड आणि कापड होते, तसेच तांबेही होते. त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ तांबे किंवा पितळ असा होतो. त्याच्याही पूर्वी कल्याणच्या सामिदत्त सोनाराने आणि नंद लोहाराने कान्हेरीच्या लेण्यांत दाने दिली व ती दगडावर कोरून ठेवली. म्हणजे कल्याण हे धातूच्या कारागिरांचे आणि धातूच्या व्यापाराचे गाव होते. मग प्रश्न असा, की कल्याणच्या आसपास तांब्याची एकही जुनी खाण का नाही?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. पारसिकचा डोंगर घ्या, मुंब्र्याचा कडा घ्या, मलंगगड घ्या. सगळा काळा दगड. अंबरनाथचे 1060 सालचे शिवमंदिर याच दगडाचे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. आता गंमत पाहा. या दगडात तांबे नाही असे मुळीच नाही. एक टन दगड घेतला तर त्यात साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम तांबे सापडते. परंतु ते कणाकणाने विखुरलेले आहे. ते वेगळे काढावयाचे तर खर्च धातूच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. खाण परवडावयाची तर टनामागे पाचदहा किलो तांबे हवे. धातू असणे वेगळे आणि तो एकत्र आलेला असणे वेगळे. ही गोष्ट संघटना बांधणाऱ्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही!

हे एकत्र आणण्याचे काम निसर्गात बहुधा गरम, खारे पाणी करते. ते खडकांच्या फटींतून फिरते, कणाकणाने धातू विरघळवून घेते आणि योग्य जागी सोडून देते. असे जेथे मोठ्या प्रमाणावर घडले, तो मुलूख म्हणजे राजस्थानातील मेवाड. तेथील दरिबा आणि जावर या खाणींतील खनिज सुमारे 170 ते 180 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पंचवीसपटीहून अधिक जुने. समुद्रतळाच्या गाळात ते साठले. दरिब्याला शिसे, जस्त, तांबे आणि चांदी एकाच पट्ट्यात आहेत. वर जमिनीवर तांबूस, गंजलेल्या दगडाची टोपी आणि मधूनमधून हिरवे डाग दिसतात. जुन्या खाणकऱ्याला तेवढी खूण पुरे होती.

दरिब्याच्या जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडाचे वय शास्त्रज्ञांनी मोजले, तेव्हा ते ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातले निघाले. खाण दोनशे मीटरांहून खोल गेली होती. पन्नाससाठ मजल्यांची इमारत उलटी जमिनीत रोवावी, एवढी ही खोली. सुरुंगाची दारू नव्हती. खडकाशी लाकडे रचून पेटवावयाची, खडक तापून तडकला की छिन्नीहातोड्याने फोडावयाचा, आणि दगड डोक्यावर वाहून वर आणावयाचा. धूर जाण्याची वाट तीच माणसांची श्वास घेण्याची वाट!

चांदी काढण्याची रीतही समजून घ्या. चांदी शिशाच्या पोटात दडलेली असते. शिसे वितळवून त्यावर हवा खेळविली की शिशाची राख होते आणि शेवटी चांदीचा थेंब उरतो. थेंब खजिन्यात जातो. शिशाची वाफ भट्टीवाल्याच्या छातीत जाते.

जस्ताची कथा याहून नवलाची. जस्त 907 अंशांवर उकळते, आणि खनिजातून सुटावयास त्याला त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून ते सुटते तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून जाते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी घडविल्या आणि त्या भट्टीत उलट्या लावल्या. एका भट्टीत 36. वाफ खाली थंड भांड्यात उतरे आणि तेथे तिचा धातू होई. बडोद्याचे महाराज सयाजीराव विश्वविद्यालय, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या संशोधकांनी 1983 साली अशा भट्ट्या उकरून काढल्या. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला जस्ताचे पेटंट मिळाले ते 1738 साली. जावरला हा उद्योग त्याच्या कितीतरी आधी भरभराटीस आला होता. वापरून टाकलेल्या मुशींचे तेथे ढीगच्या ढीग आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंतीही उभारल्या.

आता इतिहास काय सांगतो? महाराणा लाखाच्या राज्यात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, जावरला चांदीच्या खाणी सुरू झाल्या, असे परंपरा मानते. महाराणा कसा खणणार? खणणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. सामिदत्त आणि नंद यांनी आपली नावे दगडावर कोरविली, कारण त्यांच्या गाठीला दान देण्यापुरते तरी काही होते. ज्याने दगड फोडला, त्याने दगडावर ठेवली ती फक्त काजळी.

हा जुन्याच काळाचा प्रश्न नव्हे. हिंदुस्थान झिंक 1966 साली सरकारी कंपनी म्हणून स्थापन झाली. 2002 साली तिचा ताबा खासगी उद्योगाकडे गेला. मालक बदलतात, दगडाची धूळ बदलत नाही. 1952 च्या खाण कायद्याने भूगर्भातील कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगांसाठी राजस्थान सरकारने धोरण केले ते 2019 साली. हा रोग अनेकदा दहावीस वर्षांनी उघड होतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि हजेरीपत्रक नाहीसे झालेले असते. ज्याच्या कामाची कागदावर नोंद नाही, त्याने भरपाई मागावी कोणाकडे?

म्हणून माझे मागणे लहान आहे. आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातही दगडाच्या खाणी झाल्या, धातूचे कारखाने झाले. तेथे राबलेल्यांची नावे, त्यांची कामे आणि कामाची वर्षे आपल्या वाचनालयांनी लिहून ठेवावीत. ती माणसे हयात आहेत तोवर हे होण्यासारखे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ लाकडाच्या तुकड्यावरून खाणीचे वय सांगू शकतो. परंतु काजळीवरून माणसाचे नाव त्याला सांगता येत नाही. ते काम आपले आहे.