दूर बसलेल्या सहकाऱ्यांचा संवाद : एका उद्योगाची हकीकत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या तरुणांनी उद्योगाकडे वळावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली आहे. या विषयावर उपदेश पुष्कळ झाला. त्यात भर घालण्यापेक्षा एका उद्योगाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे मी योजिले आहे. तो उद्योग म्हणजे ‘स्लॅक’. संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे नाव परिचित आहे. त्यांच्या आईवडिलांना ते बहुधा नसावे. म्हणून माझे बोलणे मुख्यतः वडीलधाऱ्यांसाठी आहे.

प्रथम अडचण काय ती पाहू. एका इमारतीत बसणाऱ्या माणसांना निम्म्या गोष्टी कानावरूनच कळतात. परंतु एक सहकारी पुण्यास, दुसरा न्यूयॉर्कला असला म्हणजे घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर पडते. एकाचा दिवस मावळतो तेव्हा दुसऱ्याचा उजाडतो. काय ठरले, कोणी ठरविले आणि का ठरविले, हे मागाहून येणाऱ्यास कसे समजावे? ई-पत्र ज्याच्या नावे धाडले त्यालाच मिळते, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की त्या पत्रांतील माहिती इतरांच्या दृष्टीने नाहीशी झाल्यासारखीच होते.

स्टुअर्ट बटरफील्ड हे कॅनडाचे गृहस्थ. शिक्षणाने तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. २००४ साली त्यांच्या कंपनीने ‘फ्लिकर’ हे छायाचित्रांचे संकेतस्थळ काढले. तेही एका अपुऱ्या राहिलेल्या खेळाच्या खटाटोपातून निघाले होते. पुढे २००९ मध्ये तीन जुन्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘टायनी स्पेक’ ही कंपनी स्थापून ‘ग्लिच’ नावाचा संगणकावरील खेळ रचावयास घेतला. माणसे व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क अशी विखुरलेली. आपसांत बोलण्यासाठी ते ‘आयआरसी’ ही पद्धत वापरीत. ती १९८८ साली फिनलंडमध्ये निर्माण झाली होती. तिच्यात एक उणीव होती : जो त्या वेळी हजर नसेल, त्याला बोलणे कळत नसे. तेव्हा या मंडळींनी सर्व निरोप साठविण्याची, मागाहून शोधण्याची आणि कामाच्या सूचना तेथेच येण्याची सोय हळूहळू जोडली. हा विकावयाचा माल आहे, असे मात्र त्या वेळी कोणाच्या मनात आले नव्हते.

खेळ सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाला आणि पुरेसे खेळाडू न मिळाल्यामुळे डिसेंबर २०१२ मध्ये बंद पडला. बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. या ठिकाणी मी आपले विशेष लक्ष वेधतो. मालकांनी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाची ओळख करून देणारे पान प्रसिद्ध करून त्यांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. खेळाडूंनी भरलेले पैसे परत करण्याची तयारी दाखविली. भांडवलदारांनाही उरलेली रक्कम देऊ केली. पण त्यांनी, याच माणसांनी दुसरे काही उभारावे, असे सांगितले. आपल्याकडे दुकान बंद करणे म्हणजे तोंड लपविण्याची गोष्ट मानतात. परंतु देणे चुकते करून, कोणास न फसविता बंद केलेला व्यवहार पत घालवीत नाही. कित्येकदा तीच पुढची पुंजी होते.

मग त्यांनी स्वतःसाठी केलेली ती सोय इतरांसाठी नव्याने बांधली आणि ओळखीच्या कंपन्यांस ती वापरून पाहण्याची विनवणी केली. ‘आरडिओ’ या संगीत कंपनीत आरंभी थोड्याच लोकांनी ती घेतली, व पाहता पाहता ती सुमारे १२० जणांत पसरली. लहान गटात न दिसलेले दोष मोठ्या गटात तत्काळ उघडे पडले. ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर निमंत्रण दिले, तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे ८,००० मागण्या आल्या. त्यांनी सर्वांना एकदम आत घेतले नाही. थोड्याथोड्यांना घेऊन, दोष सुधारून, मग पुढच्यांना घेतले. फेब्रुवारी २०१४ मध्ये दार सर्वांस उघडले. ज्या गटाने २,००० निरोपांची देवघेव केली त्यानेच वस्तू खरोखर वापरून पाहिली, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय जो माणूस वापर थांबवील त्याचे पैसे आकारावयाचे नाहीत, असाही नियम त्यांनी ठेविला. जून २०१९ मध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात आले, आणि जुलै २०२१ मध्ये ‘सेल्सफोर्स’ने ती विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये हा व्यवहार जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे २,७७० कोटी डॉलर सांगितली गेली होती.

हे आकडे ऐकून कोणी दिपून जाऊ नये. या औषधाने नवा रोगही आणला आहे. घरबसल्या काम करणाऱ्या मुलामुलींच्या पानात भात वाढलेला असतो आणि बाजूला यंत्राची घंटी वाजत असते, हे मार्च २०२० नंतर आपण घरोघरी पाहिले. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेनंतर निरोपांपासून अलिप्त राहण्याचा हक्क जानेवारी २०१७ पासून कायद्याने मान्य झाला आहे. तेव्हा या क्षेत्रात काम संपले, असे कोणी समजू नये. उत्तर तत्काळ न मागणारी, निर्णय कारणांसह जपणारी आणि कारखान्यातल्या मराठी कामगारालाही सहज वापरता येणारी साधने हवीच आहेत.

तरुणांना माझे सांगणे इतकेच की, स्वतःस रोज बोचणाऱ्या अडचणीपासून आरंभ करा, आणि तुमची भीड न बाळगणाऱ्या परक्या माणसांच्या हाती आपली वस्तू लवकर द्या. पालकांना विनंती ही की, मुलाने नोकरी सोडण्याची गोष्ट काढली तर एकदम नकार देऊ नका आणि एकदम घरही गहाण टाकू नका. त्याला तीन प्रश्न विचारा : ही अडचण कोणाची आहे? ती दूर करण्यासाठी तो पैसे देईल काय? आणि उद्योग थांबवावा लागला, तर लोकांचे पगार चुकविण्याइतकी रक्कम बाजूला ठेविली आहेस काय? या तिहींची सरळ उत्तरे मिळाली, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. आपली कुटुंबे मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत पसरली आहेत; आपणही दूर बसलेले सहकारीच आहोत. शिष्यवृत्ती कोणास दिली व का दिली, हे केवळ चिटणिसांच्या स्मरणावर राहू नये. प्रत्येक निर्णय कारणासह लिहिला जावा आणि तो कोणाही सभासदास शोधता यावा, अशी व्यवस्था आपल्यातील तरुणांनी येत्या वर्षात करून द्यावी, ही सूचना मी नम्रपणे मांडतो. त्यांच्या उद्योगाचे पहिले गिऱ्हाईक आपले मंडळच होवो.