छाप म्हटलं की छापतो

(मंडळाच्या मराठी शाळेच्या पालक-मेळाव्यात केलेलं भाषण)



विषय ऐकून काही जणांनी घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. सुट्टीचा दिवस, बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटलेला, आणि हा माणूस म्हणे प्रोग्रॅमिंगवर बोलणार! पण घाबरू नका. मी फक्त एका आज्ञेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव 'प्रिंट'. आपल्यातल्या आयटीवाल्यांना ती पहिल्याच दिवशी भेटलेली असते, त्यामुळे पुढे तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या मुलांच्या मराठीसाठी ही आज्ञा चांगली कामाला येते.

आधी ती करते काय ते सांगतो. संगणक आतल्या आत कितीही हिशेब करो, त्याने तो दाखवलाच नाही तर आपल्याला त्याचा उपयोग शून्य. जे तयार झालंय ते बाहेर मांड, असं सांगणारी आज्ञा म्हणजे प्रिंट. आता पडद्यावर दिसतं त्याला 'छापणं' का म्हणायचं? कारण पूर्वी समोर पडदाच नसायचा. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी 'बेसिक' ही भाषा तयार केली. तिच्यातही प्रिंट होतंच. विद्यार्थी टेलिटाइपसमोर बसायचे आणि उत्तर खडखडत कागदावर छापून यायचं. कागद गेला, पडदा आला, शब्द मात्र तसाच राहिला. आपण नाही का, बटणं दाबूनही फोन 'फिरवतो'? तसंच ते!

शाळेतल्या मोठ्या मुलांना मी पायथन शिकवतो. ग्वीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे आणली. तिच्यात एका ओळीचा पूर्ण प्रोग्रॅम असा होतो :

प्रिंट("नमस्कार")

('प्रिंट' हा शब्द टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायचा. इथे वाचायला सोपं जावं म्हणून तो आणि पुढच्या आज्ञाही देवनागरीत दिल्या आहेत.) अवतरणचिन्हांत जे लिहाल ते जसंच्या तसं पडद्यावर येतं.

आज हे किती सहज होतं! आपल्या अंकाच्या जुन्या संपादकांना विचारा. एकेकाळी मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी चित्रं. समोरच्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला, की कवितेच्या जागी रोमन अक्षरांची भेळ! युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं आणि त्यात सगळा मजकूर मुळातच युनिकोड धरला गेला. त्यामुळे आपलं 'नमस्कार' त्याला परकं राहिलं नाही.

आता गंमत पाहा. मुलांना मी विचारतो, "'नमस्कार'मध्ये अक्षरं किती?" मुलं बोटांवर मोजतात : न, म, स्का, र. चार! मग तोच प्रश्न संगणकाला. लांबी मोजणारी आज्ञा आहे 'लेन'.

प्रिंट(लेन("नमस्कार"))

पडद्यावर येतात ७. लगेच गलका, "काका, कंप्युटर चुकला!" चुकलेला नाही. त्याच्या लेखी न, म, स, पाय मोडायची खूण, क, काना आणि र असे सात तुकडे आहेत. हे सातही प्रिंटने एकाखाली एक छापून दाखवले, की जोडाक्षर कसं घडतं ते मुलांना समोर दिसतं. आपण फळ्यावर लिहून थकलो होतो, ते काम एका ओळीत होतं.

पण खरी मजा पुढेच आहे. आम्ही असा प्रोग्रॅम लिहिला :

गाव = "मुंबई"
प्रिंट(गाव, "त")

उत्तर आलं 'मुंबई त'. मध्ये फट! कारण स्वल्पविराम देऊन दोन गोष्टी सांगितल्या, की प्रिंट त्यांच्यामध्ये आपणहून एक मोकळी जागा सोडतं. इंग्रजीला हे सोयीचं आहे, तिथे 'इन' वेगळं उभं राहतं. आपला प्रत्यय मात्र शब्दाला चिकटून बसतो. यावर उपाय आहे. मधे काय ठेवायचं ते 'सेप' या नावाने सांगता येतं. तिथे काहीच ठेवायचं नाही :

प्रिंट(गाव, "त", सेप="")

झालं, 'मुंबईत'. मुलं खूष. मग मी म्हटलं, आता गाव बदला, पुणे घाला. पडद्यावर आलं 'पुणेत'! सगळा वर्ग हसला. एकाही मुलाला व्याकरण माहीत नव्हतं, पण हे चूक आहे हे कानांना बरोबर कळलं. "आजी पुण्यात राहते, पुणेत नाही!" मग निघाली यादी. ठाणे, ठाण्यात. सातारा, साताऱ्यात. कोल्हापूर, कोल्हापुरात, आणि इथे 'पू' ऱ्हस्व होतो बरं का! याला आपण शाळेत 'सामान्यरूप' म्हणून घोकलं होतं आणि परीक्षा संपल्यावर विसरलो होतो. मी मुलांना नियम सांगितलाच नाही. म्हटलं, भारतात फोन करा, दहा गावं विचारून आणा आणि नियम तुम्हीच शोधा.

पुढच्या आठवड्यात एक आई सांगत होत्या, की मुलगा आजीशी वीस मिनिटं बोलत होता. एरवी 'हॅलो आजी, आय अॅम फाइन' म्हणून फोन आईकडे जायचा!

आणखी एक करामत. पायथन २ मध्ये प्रिंट हा राखीव शब्द होता. पायथन ३ मध्ये त्याचं साधं फंक्शन झालं. त्यापायी असंख्य जुने प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले आणि आम्ही आयटीवाले चांगलेच वैतागलो. १ जानेवारी २०२० ला पायथन २ ची अधिकृत देखभालही थांबली. पण या बदलाचा एक फायदा झाला. फंक्शनला आपण दुसरं नाव ठेवू शकतो, आणि पायथन ३ मध्ये ते नाव देवनागरीतही चालतं!

छाप = प्रिंट
छाप("शुभ दीपावली")

पहिल्या ओळीतलं 'प्रिंट' तेवढं रोमन. त्यानंतर 'छाप' म्हटलं की संगणक छापतो. 'इफ', 'फॉर' असे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, आणि उद्या नोकरीत मुलं इंग्रजीतच प्रोग्रॅम लिहितील, लिहावेत. पण कंप्युटरला फक्त इंग्रजी कळतं, हा समज मुलांच्या डोक्यातून जातो, हे मला मोलाचं वाटतं.

काही पालक विचारतात, आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला? खरं आहे, देतं. पण त्याने दिलेलं मराठी बरोबर की चूक, हे कोण ठरवणार? ज्याच्या कानाला 'पुणेत' खटकतं तोच. तो कान घरातच तयार होतो.

आपण सगळेच एक वाक्य नेहमी बोलतो : "आमच्याकडे मुलांना मराठी समजतं सगळं, पण बोलत नाहीत." म्हणजे आत सगळं आहे, बाहेर येत नाही. रागावून ते येत नाही, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलंय. मुलांना मराठीत काहीतरी करायला द्यावं लागतं, आणि ते त्यांच्या आवडीचं असावं लागतं.

तेव्हा या दिवाळीत फराळ झाल्यावर अर्धा तास मुलांजवळ बसा. पायथन फुकट मिळतं. आपल्या नातेवाइकांची पाच गावं घ्या आणि 'कुठे?' या प्रश्नाचं उत्तर छापायला सांगा. उत्तर चुकलं तर तुम्ही दुरुस्त करू नका. आजीला फोन लावून द्या.

आता वडे गार व्हायच्या आत थांबतो. आपणां सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!