प्रेमकादंबरीतला मालक



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. तेव्हा टीकाकार म्हणून नव्हे, वाचक म्हणून बोलतो.

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये जेवणाच्या सुटीत एक मजूर बाई मोबाइलवर प्रेमकादंबरी वाचीत होती. आम्ही हसलो. ती म्हणाली, "दादा, दिवसभर कापूसच पायतो आमी, घडीभर बंगला पायला तं तुमचं काय गेलं?" आम्ही ओशाळलो, आणि तशा दहाबारा कादंबऱ्या वाचून काढल्या.

नायक बहुधा कंपनीचा मालक. लग्न आधी कराराने, प्रेम मागाहून. करारमदार करण्यात आमचा जन्म गेला. पण असल्या करारावर आम्ही कुणाला सही करू दिली नसती! आणि एवढ्या मोठ्या कंपनीत मजूर एकही दिसत नाही.

अमरावतीकर उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. तिच्यातली कौतिक पोरांसाठी राबते. तिची माया त्या राबण्यातूनच कळते. त्याच शेळक्यांनी पुढे चरितार्थासाठी पुष्कळ लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. लेखणीचीही मजुरी असते.

म्हणून म्हणतो, कुणाच्या हातची कादंबरी हिसकू नका. तिच्याशेजारी 'धग' ठेवा. आम्ही ठेवली. पंधरवड्याने ती बाई म्हणाली, "दादा, हे तं माह्या मायचीच गोठ हाये." बंगल्याचे वाचन मात्र तिने सोडलेले नाही. सोडावे तरी का?