आईसाठी कॉम्प्युटर घेताना

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय कॉम्प्युटर आहे, पण कुणी घाबरू नका. गटात आलो तेव्हा बँकेची स्लिप भरायचीही भीती वाटायची. आज आपण कर्जाचे प्रस्ताव स्वतः लिहितो. हेही त्यातलंच आहे.

घरातल्या वयस्कर माणसासाठी, म्हणजे आई, सासूबाई, वडील किंवा सासऱ्यांसाठी, साधा कॉम्प्युटर घ्यायचा तर काय बघायचं, एवढंच आज बोलू. ही गरज आता बऱ्याच घरांत आहे. कुणाची आई गटाचे हिशोब लिहिते. कुणाच्या सासूबाई मसाले-पापड विकतात, त्यांना बिलं आणि लेबलं करायची असतात. कुणाचे वडील पेन्शनर आहेत. आणि नातवंडं लांब असली की मोठ्या पडद्यावर त्यांचं तोंड बघावंसं सगळ्यांनाच वाटतं.

आता होतं काय, की मुलगा किंवा जावई दुकानात जातो, दुकानदार दाखवेल ते उचलतो, एका रविवारी जोडून देतो आणि सोमवारी शहरात परत जातो. दोन महिन्यांनी त्या कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल पडलेला असतो. पैसे जातात ते जातातच, पण आईच्या मनात बसतं की "मलाच जमत नाही." मग पासवर्ड, ओटीपी, हिशोब, सगळं ती पुन्हा दुसऱ्याच्या हातात देते. आपल्यासाठी खरा तोटा हा आहे. ज्या बाईनं गटाचा पैसा वर्षानुवर्षं सांभाळला, तिनं स्वतःच्या पैशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं?

म्हणून माझं सांगणं एकच आहे. कॉम्प्युटर दुकानदाराच्या सांगण्यावर घेऊ नका. आईचं काम काय आहे आणि अडलं तर गावात मदत कोण करणार आहे, या दोन गोष्टी बघून घ्या.

आधी आईला विचारा

एक कागद घ्या आणि आईला विचारा, "तुला यावर कोणती तीन कामं करायची आहेत?" तीच सांगेल तशी लिहा. "कॉम्प्युटर शिकायचा" हे काम नव्हे. "गटाचा महिन्याचा हिशोब टाईप करायचा", "सातबारा काढायचा", "नातीशी बोलायचं" ही कामं आहेत.

यादीत फक्त व्हिडिओ कॉल आणि भजनं ऐकणं असेल, तर कॉम्प्युटर घेऊच नका. चांगला मोबाईल किंवा मोठ्या पडद्याचा टॅब पुरेल. पेन्शनसाठी दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखलाही आता जीवन प्रमाणमधून मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. लिहिणं, हिशोब, बिलं, फॉर्म भरणं, प्रिंट काढणं अशी कामं असतील तरच कॉम्प्युटरचा उपयोग आहे.

डेस्कटॉप की लॅपटॉप?

वयस्कर माणसासाठी डेस्कटॉप बरा पडतो. पडदा मोठा असतो, अक्षर मोठं दिसतं, मान फार वाकवावी लागत नाही. कीबोर्डची बटणं मोठी असतात. आणि तो एका जागी राहतो, त्यामुळे कुणी "जरा नेतो" म्हणून उचलून नेत नाही. कीबोर्ड बिघडला तर फक्त कीबोर्ड बदलायचा, बाकी सगळं तसंच चालतं.

पण तुमच्या गावात रोज कित्येक तास वीज जात असेल आणि घरी इन्व्हर्टर नसेल, तर मी लॅपटॉप घ्या म्हणेन. डेस्कटॉपला स्वतःची बॅटरी नसते. काम दिवसा आणि वीज रात्री असं असेल, तर डेस्कटॉप काय कामाचा?

डेस्कटॉपमध्येही तीन प्रकार आहेत. पहिला नेहमीचा, उभ्या डब्याचा, ज्याला आपण सीपीयू म्हणतो. त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावी सहज होते. दुसरा मिनी पीसी, जेवणाच्या डब्याएवढा. तो जागा कमी घेतो आणि वीजही कमी खातो, पण त्याचे भाग सगळीकडे मिळत नाहीत. तिसरा ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच सगळं बसवलेलं. दिसायला छान आणि वायरी कमी, पण पडदा गेला की अख्खं मशीन दुरुस्तीला जातं. खेड्यात राहणाऱ्या आईसाठी माझं मत पहिल्याला आहे. तो कुणालाही उघडून दुरुस्त करता येतो.

दुकानात काय विचारायचं?

चार गोष्टी पाठ करून जा.

एक, रॅम किती? ८ जीबी मागा. विंडोज ११ साठी कंपनीने कमीत कमी ४ जीबी सांगितली आहे, पण तेवढ्यावर मशीन रडत-रडत चालतं. १६ जीबीची आईच्या कामाला गरज नाही.

दोन, एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क? एसएसडीच घ्या, २५६ जीबी पुरते. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो आणि माणूस कंटाळतो, त्याचं मोठं कारण जुनी हार्ड डिस्क असतं. शिवाय एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे हादऱ्यानं बिघडण्याची भीती कमी.

तीन, पडदा किती इंची? २२ ते २४ इंची घ्या. कुठे पैसे वाचवायचे असतील तर बाकी ठिकाणी वाचवा, पडद्यावर वाचवू नका. आईचे डोळे तेच आहेत.

चार, वायफाय, कॅमेरा आणि माईक आहे का? लॅपटॉपमध्ये हे तिन्ही असतं, डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा नसतं. घरी आणल्यावर कळतं, की मोबाईलचं नेट जोडता येत नाही आणि नातीला आजी दिसत नाही. वायफायचा छोटा डोंगल आणि माईकवाला वेबकॅम वेगळा मिळतो. तो त्याच बिलात घ्या.

माऊस आणि कीबोर्ड वायरचेच घ्या. सेल बदलायची भानगड नको.

जुना घेताना डोळे उघडे ठेवा

वापरलेला कॉम्प्युटर घ्यायला हरकत नाही. ऑफिसातून निघालेली मशीन मजबूत असतात. पण एक फसगत नेहमी होते. दुकानदार म्हणतो, "ताई, आय-फाइव्ह आहे." नुसतं आय-फाइव्ह ऐकून काही कळत नाही. त्याच्या पुढचा आकडा विचारा. आय-फाइव्ह ३४७० हा २०१२ सालचा आहे आणि आय-फाइव्ह ८५०० हा २०१८ सालचा. चार आकड्यांत पहिला आकडा त्याची पिढी सांगतो. म्हणजे ३४७० तिसऱ्या पिढीचा, ८५०० आठव्या पिढीचा.

हे का बघायचं? विंडोज १० चा नियमित सपोर्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच रीतसर चालतं. त्याआधीचं मशीन स्वस्तात मिळालं, तरी त्यावर सुरक्षेची दुरुस्ती येत राहणार नाही. बँकेचं काम अशा मशीनवर करणं म्हणजे कुलूप नसलेल्या पेटीत गटाची रोकड ठेवणं.

जुनं मशीन घरात पडून असेल तर त्यावर लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली टाकता येते. ती हलकी आहे आणि मराठीतही चालते. लिब्रे ऑफिस हे हिशोबाचं आणि लिखाणाचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. पण आधी बघा, गावात किंवा क्लासमध्ये लिनक्स माहीत असलेलं कुणी आहे का? नसेल तर आई एकटी पडेल. तिच्या आसपासचे लोक जे वापरतात, तेच तिला सोपं पडतं.

"विंडोज फुकटात टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत काय-काय घरात येतं, ते आपल्याला दिसत नाही.

दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, गटाची खरेदी करताना घेतो तसंच. बिल पक्कं घ्या आणि त्यावर नाव आईचं घाला. वस्तू तिची आहे.

पैशाचं गणित

गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्यायचं ठरवलं तर हिशोब आधी मांडा. समजा, २४,००० रुपये घेतले, बारा हप्ते, महिना शेकडा एक रुपया व्याज, तेही उरलेल्या मुद्दलावर. दरमहा मुद्दल २,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २४० रुपये, शेवटच्या महिन्याचं २० रुपये. वर्षाचं एकूण व्याज होतं १,५६० रुपये. कॉम्प्युटरवर आई बिलं, लेबलं करणार असेल तर हे व्याज तिच्या धंद्यातून निघेल का, ते तिच्याशीच बोला. दुकानातला "शून्य टक्के" हप्ता घेत असाल, तर प्रोसेसिंगचे पैसे किती आणि रोखीनं घेतलं तर किंमत किती कमी होते, हे आधी विचारा.

यूपीएसचे पैसे यातच धरा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस छोट्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं चालवतो. तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. आणि घरच्या वायरिंगला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी ही कामं करून द्या. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करा, विंडोजमध्ये ते सव्वादोन पटीपर्यंत वाढतं. माऊसचा बाण मोठा आणि संथ करा. पडद्यावर पाचच चिन्हं ठेवा आणि त्यांची नावं मराठीत लिहा: "हिशोब", "पत्र", "नातीचा फोन", "फोटो", "सातबारा". आईचं खातं साधं ठेवा, ॲडमिनचं वेगळं. मग चुकून काही नको ते सॉफ्टवेअर सहजासहजी बसणार नाही.

मराठी टायपिंगचे दोन रस्ते आहेत. आईला इंग्रजी अक्षरं ओळखता येत असतील तर फोनेटिक कीबोर्ड सोपा, तो विंडोजमध्येच असतो. इंग्रजी अक्षरांशी ओळखच नसेल तर इनस्क्रिप्ट शिकवा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. बटणांवर चिकटवायचे मराठी स्टिकर मिळतात. आणि हात चालतच नसेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं.

माऊस धरायला शिकवायला पत्त्यांचा खेळ चांगला. पान धरून उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं, यात हात आपोआप बसतो. आठ दिवस खेळू द्या. "रिकामा वेळ घालवते" असं घरात कुणी म्हणू नका.

शिकवताना एक नियम पाळा, माऊस आईच्या हातातून काढून घ्यायचा नाही. तिला पाच मिनिटं लागली तरी बोट तिचंच चाललं पाहिजे. आणि वहीत पायऱ्या तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात लिहू द्या. तुम्ही छापून दिलेला कागद भिंतीवर राहतो. तिनं लिहिलेली वही रोज उघडली जाते.

सावध राहायचं

पडद्यावर अचानक येतं, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." फोन करायचा नाही, मशीन बंद करायचं. फोनवरून कुणी "हे ॲप टाका, मी तिकडून दुरुस्त करतो" म्हणालं, तर ते ॲप टाकायचं नाही. त्यातून त्याला आपला पडदा दिसतो आणि तो आपलं मशीनही चालवू शकतो. "डिजिटल अरेस्ट" नावाची अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजायचं नाही, लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त. हा नंबर मॉनिटरच्या खाली चिकटवून ठेवा.

आता इथे बसलेल्या मावशींना सांगते. कितीतरी जणींच्या बाबतीत घेणारी मुलं आहेत आणि वापरणाऱ्या तुम्ही आहात. मुलगा म्हणेल, "आई, तुला काय कळतंय, मी आणतो." त्याला प्रेमानं सांगा, "आण बाबा, पण माझी तीन कामं या कागदावर आहेत, ती होतात का ते दुकानात मला दाखव." दुकानात स्वतः जा. खुर्चीवर बसा, माऊस हातात धरा, पडद्यावरचं अक्षर वाचून बघा. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना?

पुढच्या सभेला येताना आपापल्या तीन कामांचा कागद घेऊन या. ज्यांची कामं सारखी आहेत, त्यांनी एकत्र कोटेशन मागवू. पाच जणींची खरेदी असली की दुकानदार भावही नीट करतो आणि शिकवायला घरीही येतो.

एवढं बोलून थांबते.